फुटकं पॅटिस

खोटं कशाला सांगू, आयुष्यात मी सगळ्यात चवीनं काय खाल्लं असेल तर ते चोरून खाल्लेलं फुटकं पॅटिस. लग्नाच्या पंगती झाल्या, जत्रेतली मटणं झाली, नातवाच्या बारशाची बिर्याणी झाली. पण सोलापूर स्टेशनाजवळच्या त्या बेकरीमागं, जळणाच्या ढिगाआड उकिडवं बसून जे खाल्लं त्याची सर कशालाच आली नाही. आणि आयुष्यातलं सगळ्यात हलकट काम मी केलं तेही त्या पॅटिसापायीच. निम्मं सांगायचं नि निम्मं झाकायचं, हे आता या वयात जमत नाही. म्हणून दोन्ही सांगते.

आम्ही खाटीक. पुढं वडिलांचं मटणाचं दुकान, मागं घर, घरामागं बोकडांचा गोठा. सोलापुरात तीस साली इंग्रजांचा मार्शल लॉ लागला, त्याच्या आधी तीन-चार वर्षांची ही गोष्ट, मी दहा वर्षांची असेन. गिरणीचा पहिला भोंगा झाला की वडील बोकड सोलायला घ्यायचे आणि ऊन अंगणात उतरायच्या आत दुकान उघडायचं. शनिवारी मात्र गिऱ्हाईक नसायचं. मारुतीचा वार, निम्मं गाव मटणाकडं बघत नसे. तो शनिवार आम्हाला स्टेशनाजवळच्या पाववाल्यानं सावरला होता.

पाववाला गोव्याकडचा किरिस्ताव. बुटका, टकला, कोपरापर्यंत कायम पीठ. रेल्वेतल्या गोऱ्या आणि अर्ध्यागोऱ्या साहेबांचा शनिवारी क्लबात नाच असायचा, त्याच्यासाठी तो खिम्याची पॅटिसं करायचा. खिमा आमचा. नुसता खिमाच नाही, पिठात घालायची गुर्द्याभोवतीची चरबीसुद्धा आमचीच. मैदा मळून लाटायचा, त्यावर चरबी पसरून घडी घालायची, पुन्हा लाटायचा, पुन्हा घडी. मग वाटीनं गोल चकत्या कापायच्या, एकीवर कांदा-मिरीत परतलेला खिमा, वर दुसरी चकती, आणि काट्यानं कडा दाबून भट्टीत. भट्टीचं झाकण उघडलं की जो वास सुटायचा, त्यानं आता लिहितानासुद्धा माझ्या तोंडाला पाणी आलंय, मेलं. वरचं पापुद्र्यापापुद्र्यानं सुटायचं, बोटाला तूप लागल्यासारखं व्हायचं, आणि आत खिमा इतका गरम की जीभ पोळायचीच. पोळू दे म्हणायचं आणि गिळायचं.

हे सगळं मला कसं माहीत? खिम्याचं पातेलं बेकरीत पोचवायचं काम माझ्याकडं होतं. पातेलं रिकामं झाल्याशिवाय परत यायचं नाही, अशी आईची ताकीद. पाववाला खिमा काढून घ्यायचा, मला पायरीवर बसवायचा, आणि भट्टीतून पहिला पत्रा बाहेर आला की त्यातलं एखादं फुटलेलं, रस बाहेर येऊन करपलेलं पॅटिस माझ्या हातावर ठेवायचा. फुटकं साहेबाच्या ताटात चालत नाही. मला धावत होतं. ते घेऊन मी जळणाच्या ढिगाआड जायची.

आईला याचा पत्ता नव्हता. लागला असता तर तिनं मला उलटी टांगली असती. पाव खाल्ला की माणूस बाटतो, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं, आणि तेव्हा तसं मानणारी ती एकटी नव्हती. बोकड आमचा, चरबी आमची, खिमा आमच्या सुऱ्याखालचा. पण किरिस्तावाच्या पिठात गुंडाळून भट्टीत गेला की तो बाटला. गंमत अशी की जी सोवळ्याची माणसं आमच्या दुकानावरून जाताना नाकाला उपरणं लावायची, त्यांतला एक कचेरीतला कारकून शनिवारी बेकरीच्या मागच्या दारानं यायचा. पॅटिसं पंचांगाच्या कापडात बांधून न्यायचा. मी ढिगाआडून बघत असे. एकदा त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं, आणि दोघांनीही तोंडं फिरवली.

त्या साली भावाचं लग्न झालं आणि वैनी घरात आली. अक्कलकोटकडची, कानडी मुलखातली. घरात मराठी बोलायची आणि दचकली की 'अय्यो अव्वा' म्हणायची. रंगानं काळी, अंगानं काटकी. आईनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "दिसायला काय न्हाई, निदान हाताला तरी काय हाय का बगू." हाताला होतं. खिमा कापायचं काम आईनं तिच्याकडं दिलं ते कायमचं. दोन हातांत दोन सत्तूर घेऊन वैनी ओंडक्यासमोर बसायची आणि असा ताल धरायची की शेजारच्या बाया कामं टाकून ऐकायच्या. खिमा पडायचा तो एकसारखा, ज्वारीच्या कण्यांसारखा. पाववाला पातेल्यात बोट घालून म्हणायचा, "हा हात कुणाचा?" मी म्हणायची, "माझा." तेव्हापासूनच मी अशी.

आमच्या घरात बायकांच्या वाटणीला मटण म्हणून काय यायचं तेही सांगते, म्हणजे कळेल. मांडी-खांदा गिऱ्हाइकाला, कलेजी वडिलांना आणि भावाला. बायकांना न विकलेलं. कधी आतड्यांची वजडी, कधी गोठलेल्या रक्ताची रक्ती, कधी नुसता रस्सा. फुप्पुस मात्र कुणीच खात नसे, ते उकडून गल्लीतल्या कुत्र्यांना घालायचं. त्याचं एक पातेलं चुलीमागं कायम असायचं. हे फुप्पुस ध्यानात ठेवा.

वैनीला दिवस गेले. पाचव्या महिन्यात तिला डोहाळे लागले. कुणाला चिंच लागते, कुणाला माती लागते. हिला पॅटिस लागलं. बघितलेलं नाही, चाखलेलं नाही. पण दर शनिवारी मी परत आले की माझ्या अंगाला त्याचा वास यायचा. एकदा तिनं मला गोठ्यात गाठलं, माझा हात धरून बोटं हुंगली. मला वाटलं आता ही आईला सांगणार. वैनी खाली बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, माजं येवढं एक काम करता का? त्येच्यातला एक तुकडा आणता? डोहाळं हाय ओ. कुनाला सांगू मी?"

मी दहा वर्षांची आणि ती मला अहो-जाहो करत होती. नणंद म्हणजे नणंद. मला इतकं मोठं कुणी कधी केलं नव्हतं. मी ऐटीत म्हटलं, "आणते की."

डोहाळे म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. पोटुशीला जे खावंसं वाटतं ते मूल मागत असतं, आणि ते मिळालं नाही तर जन्माला येणाऱ्या पोराची लाळ गळते, हे आमच्याकडं लहान पोरींनाही ठाऊक. वैनीनं ते आईला विचारून बघितलं होतं. पॅटिसाचं नाव नाही घेतलं, नुसतं 'काय तरी वेगळं खावंसं वाटतंय आत्याबाई' एवढंच. आई म्हणाली, "खाटकाच्या सुनंला कसले डोहाळे? समोर येवढं मटण लटकतंय, वास घे की." आणि हसली. मीही हसले. आई हसली की हसायचं असा आमच्या घरात नियमच होता.

पहिल्या शनिवारी पाववाल्यानं फुटकं पॅटिस हातावर ठेवलं. निम्मं वैनीला न्यायचं ठरवून मी पदरात, म्हणजे परकराच्या ओच्यात, बांधलं. रस्त्यात त्याची ऊब पोटाला लागत होती. मारुतीच्या देवळापर्यंत निम्मं संपलं, बोळाच्या तोंडाशी उरलेलं. घरी येऊन सांगितलं, "आज एकबी फुटलं न्हाई." वैनी म्हणाली, "असू दे. फुडच्या येळंला."

दुसऱ्या शनिवारीही एकही फुटलं नाही. तिसऱ्याही. आता तर मी बेकरीमागंच खाऊन टाकत होते, उगीच ओच्यात बांधायचं नाटक कशाला? आणि वैनी दर शनिवारी दुपारपासून गोठ्याच्या दाराशी उभी. बोकडांना पाला घालायच्या निमित्तानं. मला बघितलं की ती आधी माझ्या तोंडाकडं बघायची आणि मग हाताकडं. मला तिचा राग यायला लागला. आठवड्यात एक गोष्ट माझी होती, फक्त माझी, आणि तीही हिला पाहिजे. अशी कशी माझ्या पॅटिसावर नजर ठेवून उभी राहते ही काळी? मनात मी असंच म्हणायची. लपवत नाही.

सातव्या महिन्यात तिनं एक युक्ती केली. मला म्हणाली, "पाववाल्याला सांगा, पोटुशी बाईला पायजे म्हनावं. मानूस हाय त्यो, न्हाई म्हननार न्हाई." मी सांगितलं नसतंच. पण त्या दिवशी पाववाल्यानंच विचारलं, "वैनी कशी आहे? खिमा तीच कापते ना? तुझ्या बापानं सांगितलं." माझं खोटं उघडं पडलं त्याची मला लाज वाटली, म्हणून विषय बदलायला मी घाईनं बोलून गेले की तिला डोहाळे लागलेत, पॅटिसाचे. तो पिठाचे हात झटकून उठला. पत्र्यातलं सगळ्यात फुगलेलं, सगळ्यात तांबूस, कुठंही न फुटलेलं पॅटिस त्यानं निवडलं, वडाच्या पानात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "हे तिचं. तू खायचं नाही. उद्या दुकानावर येईन तेव्हा विचारीन कसं लागलं."

मला फुटकं वेगळं दिलं नाही त्यानं. त्या दिवशी खरंच एकही फुटलं नव्हतं.

घरी आले तेव्हा वैनी विहिरीवर गेली होती. मी गोठ्यात शिरले, पान उघडलं. अख्खं पॅटिस मी आजवर हातात धरलं नव्हतं. उद्या तो विचारणार, तेव्हा वैनीला काहीतरी द्यायलाच पाहिजे हे मला कळत होतं. आणि खायचंही होतं. मग मला जे सुचलं ते दहा वर्षांच्या पोरीला सुचू नये. मी पॅटिस उलटं केलं. खालच्या बाजूला बोटानं एक भोक पाडलं आणि आतला खिमा थोडा थोडा करून सगळा उकरून खाल्ला. चाटून-पुसून. मग आई पुढं दुकानात आहे बघून घरात गेले, चुलीमागच्या पातेल्यातलं कुत्र्यांचं फुप्पुस घेतलं, विळीवर बारीक केलं, त्यात मीठ आणि डब्यातला काळा मसाला कालवला, आणि त्या भोकातून दाबून दाबून भरलं. भोकावर पापुद्रे चिकटवले. वरून बघितलं तर पॅटिस जसंच्या तसं. मी माझ्यावर इतकी खूष झाले की एकटीच हसले.

वैनी आली. पान बघून तिचे डोळे भरून आले. बोकडांच्या आड, भिंतीकडं तोंड करून ती बसली आणि पहिला घास घेतला. चावता चावता थांबली. मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तिच्या पाठीशीच उभी होते, हात मागं बांधून.

"कसं हाय, वैनी?"

तिनं घास गिळला. "लई झ्याक हाय," म्हणाली, आणि सगळं संपवलं. पानावर पडलेले पापुद्रेसुद्धा बोटानं टिपून खाल्ले. मला वाटलं, फसली! खाटकाच्या घरात नांदणारी बाई, दिवसरात्र ओंडक्यापुढं बसणारी, तिला फुप्पुस ओळखू येणार नाही असं मला वाटलं. इतकी मी हुशार. दुसऱ्या दिवशी आई बाजाराला गेली असताना पाववाल्यानं दुकानावर विचारलं तेव्हा वैनीनं दाराआडून सांगितलं, "लई उपकार झालं."

मुलगा झाला. बाळंतपण तीन दिवस अडलं होतं. पोर उशिरा रडलं, आणि मान धरायलाच त्याला वर्ष लागलं. बोलणं आलं नाही. आणि तोंडातून लाळ गळायची ती थांबेचना. दोन वर्षांचा झाला, चार वर्षांचा झाला, हनुवटी कायम ओली. गल्लीनं त्याचं नाव लाळ्या ठेवलं. आल्या-गेल्या बाया विचारायच्या, "कसले डोहाळे राहिले गं तुझे?" आई लगेच डाफरायची, "तोंडानं सांगितलं असतं तर आणून दिलं नसतं का आम्ही? मुकी मेली, पोरही मुकंच दिलं." वैनी दर वेळी एकच उत्तर द्यायची, "काय न्हाई राहिलं. समदं मिळालं मला." आणि माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. तिनं एकदा बघितलं असतं, एक शिवी हासडली असती, तर मी सुटले असते. तिनं मला सोडलं नाही.

आता माझी शिकलेली नातवंडं सांगतात, आजी, बाळंतपण अडलं, पोराच्या मेंदूला हवा मिळाली नाही, पॅटिसाचा काय संबंध? बरोबर असेल त्यांचं. ती शिकलीत, मी चौथी. पण त्यांनी त्या पोराची हनुवटी बघितलेली नाही.

मी शनिवारी पॅटिस खायचं सोडलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही सोडलं. लग्न होईपर्यंत खाल्लं.

चौदाव्या वर्षी मला मंगळवेढ्याला दिलं. तीन वर्षांनी दिवस गेले आणि सातव्यात पहिल्या बाळंतपणासाठी मी सोलापूरला माहेरी आले. मार्शल लॉ येऊन गेला होता, वडील वारले होते, दुकान भाऊ बघत होता. आईला अर्धांगवायू झाला होता, तोंड वाकडं, वाचा गेलेली. घर वैनीच्या हातात. वैनी एकाच फडक्यानं आधी सासूचं तोंड पुसायची, मग पोराचं. आईचं करण्यात तिनं कधी कसूर केली नाही. फक्त आई काही खुणावून मागायला लागली की म्हणायची, "वास घ्या की, आत्याबाई. समोर येवढं मटण लटकतंय." आई नुसती बघत राहायची.

आणि मला डोहाळे लागले. देवानं दुसरं काही सुचवायचं होतं की! पण नाही, पॅटिसच. झोपेत वास यायचा, मी काय बरळायची देव जाणे. मी कुणाला बोलले नाही. माझ्या पोटातल्या पोराची हनुवटी मला जागेपणी दिसायची, ओली. मागायचं कुणाकडं? वैनीकडं?

एका शनिवारी सकाळी वैनी ओंडक्यापुढं बसली. बरेच दिवसांनी तिनं स्वतः सत्तूर धरले होते. एरवी आता दुकानात गडी होता. दुपारी भाऊ बेकरीतून आला आणि पान तिच्या हातात दिलं. वैनीनं ताटली घेतली, पान सोडलं, आणि ताटली माझ्यापुढं ठेवली. तांबूस, फुगलेलं, अख्खं पॅटिस. "खावा," म्हणाली. आणि समोर बसली. पोर तिच्या मांडीशी टेकून बसलं.

मी पॅटिस उचललं आणि, देवाशपथ, नकळत माझं बोट खालच्या बाजूला गेलं. भोक आहे का ते चाचपायला.

"खालनं बगता व्हय?" वैनी शांतपणे म्हणाली. "म्हाईत हाय की तुमाला खालनं."

"वैनी, तुला कळलं हुतं?"

"खिमा माज्या हातचा, मसाला माज्या हातचा. सायेब काळा मसाला खातोय व्हय, वन्सं?"

"मग बोलली का न्हाईस? खाल्लंस कशाला समदं?"

"कुनाला बोलू? आत्याबाईला? पाव खाल्ला म्हनून बाळंतपणाच्या आदी घराभाईर काडलं असतं." तिनं पोराची हनुवटी पुसली. "आन् तुमी बगत हुता की. हासत."

मी पॅटिस मोडलं. आत खिमा काठोकाठ. एकसारखा, ज्वारीच्या कण्यांसारखा, मिरीचा वास येणारा. फुप्पुस नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं. पोरानं वास घेतला आणि हात पुढं केला. आ आ करायला लागलं. मी घाईनं निम्मं पॅटिस त्याच्या हातात द्यायला गेले. वैनीनं मधेच त्याचं मनगट धरलं.

"नगं. त्येच्या वाटनीचं तुमी मागंच खाल्लं की, वन्सं. ह्ये तुमच्या लेकराचं हाय. त्येला तरी पोचू द्या."

पोर हात सोडवायला बघत होतं आणि लाळ तिच्या हातावर गळत होती. ती हात सोडत नव्हती. मी पहिला घास घेतला, मग दुसरा. समोरून दोघंही बघत होते. शेवटचा घास होईपर्यंत ती हलली नाही.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"लई झ्याक हाय," मी म्हटलं. आणि खरंच होतं.